रिपोर्ट नॉर्मल, तरी ओटीपोट दुखतंच

सोनोग्राफीत गर्भाशय दिसतं, अंडाशयातली गाठ दिसते, मूतखडा दिसतो. स्नायू आखडलाय का, हे नेहमीच्या सोनोग्राफीत कळत नाही. एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते तो आजार) पातळ, पसरट डागही तिच्यातून अनेकदा निसटतात. त्यामुळे सहा महिन्यांहून जास्त काळ ओटीपोट दुखत असेल आणि रिपोर्ट स्वच्छ आला, तर ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ हे निदान नव्हे.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ताणलेली. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर टेकतात, आणि लघवीची, योनीची, शौचाची वाट तिच्यातूनच बाहेर पडते. ही झोळी सतत आवळलेली राहिली की लघवी अडखळत सुरू होते, होऊन गेली तरी पुन्हा लागल्यासारखी वाटते, शौचाला कुंथावं लागतं, संबंधांच्या वेळी दुखतं, बसलं की माकडहाड ठणकतं. बाई मग प्रत्येक तक्रारीसाठी वेगळ्या डॉक्टरकडे जाते. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू सापडत नाहीत, तरी अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स होतो. पुरुषांच्या बाबतीत हेच दुखणं ‘प्रोस्टेटची सूज’ या नावाखाली फिरत राहतं.

हे स्नायू आवळतात ते बचावासाठी. पाळीतल्या वेदना, वारंवारचा मूत्रमार्गाचा संसर्ग, फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर), अवघड बाळंतपण, यांपैकी काहीही सुरुवात करून देतं. मूळ आजार बरा झाला तरी स्नायूंचा हा पहारा उठत नाही. शिवाय मूत्राशय, गुदाशय आणि हे स्नायू यांचे बरेचसे संदेश मज्जारज्जूच्या त्याच खालच्या भागात पोचतात. महिनोन्‌महिने दुखण्याच्या संदेशांचा मारा झाला की तिथली संवेदनशीलता वाढते, आणि भरलेलं मूत्राशयसुद्धा दुखू लागतं.

तपासायला मशीन लागत नाही. पाठीवर झोपून दुखऱ्या जागी एक बोट दाबून ठेवा आणि डोकं-खांदे थोडे उचला. दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर उगम बहुधा पोटाच्या भिंतीत आहे. कमी झालं, तर आत. तळाचे स्नायू मात्र जाणकार डॉक्टर किंवा पेल्व्हिक (ओटीपोटाच्या स्नायूंचे) फिजिओथेरपिस्ट रुग्णाच्या संमतीने योनीतून किंवा गुदद्वारातून एका बोटाने दाबून पाहतात. ‘हेच ते दुखणं’ असं रुग्ण म्हणाली की धागा हाती लागतो.

इथे एक घोळ हमखास होतो. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड कीगल यांनी 1948 साली मांडलेले आवळण्याचे व्यायाम सैल स्नायूंसाठी, लघवी गळण्यासाठी होते. आखडलेल्या स्नायूंवर तेच केले तर दुखणं वाढू शकतं. इथे सोडायला शिकायचंय. गुडघे वाकवून उताणं झोपा, पोटावर हात ठेवा. नाकाने चार सेकंद श्वास घ्या. पोट वर येताना खालची झोळी खाली उतरते, लघवी सुरू होताना वाटतं तसं. सहा सेकंदांत श्वास सोडा, आवळू नका. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. लोक सोडण्याऐवजी कुंथतात, किंवा फक्त छाती फुगवतात. मग उपयोग होत नाही. फरक दिसायला आठवडे लागतात, दोन दिवसांत सोडून देऊ नका.

कमोडवर पायांखाली वीतभर उंच पाट घ्या. ‘निघण्याआधी जाऊन येऊ’ म्हणून उगाच लघवीला जाणं थांबवा. दोन लघव्यांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत अडीच-तीन तासांवर न्या. पाणी तोडू नका, दाट लघवी मूत्राशयाला जास्त झोंबते.

गोळ्यांकडून अपेक्षा बेताच्या ठेवा. पाळीच्या कळांवर आयबुप्रोफेन चालतं, आखडलेल्या स्नायूवर फारसं नाही. गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध सर्रास दिलं जायचं. पोटात दुर्बीण घालूनही दुखण्याचं कारण न सापडलेल्या 306 ब्रिटिश स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल 2020 साली आला: औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा नाही, चक्कर आणि गुंगी मात्र जास्त. रात्री अमिट्रिप्टिलिनचा (नैराश्यावरचं जुनं औषध, दुखण्यावरही देतात) छोटा डोस काहींना मानवतो, पण त्याने बद्धकोष्ठ होतं आणि कुंथणं परत येतं.

ताप, घटतं वजन, शौचातून किंवा लघवीतून रक्त, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं दुखणं, यांतलं काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी तपासणी. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयही डोक्यात ठेवावा लागतो, विशेषतः मूल होत नसेल तर. आणि डॉक्टरकडे जाताना दोन पाळ्यांची नोंद न्या: दुखणं दहापैकी किती, पाळीचा कितवा दिवस, त्याआधी काय झालं होतं.