गर्न्सीची पत्रं : एका कादंबरीमागची पाच वर्षं

‘द गर्न्सी लिटररी अँड पोटॅटो पील पाय सोसायटी’ ही २००८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी जवळजवळ सगळी पत्रांतून आणि तारांतून उलगडते. काळ १९४६ चा. लंडनमधल्या एका लेखिकेचं जुनं पुस्तक फिरत फिरत गर्न्सी बेटावरच्या एका शेतकऱ्याच्या हाती पडतं, आत तिचा पत्ता लिहिलेला असतो आणि तो तिला पत्र टाकतो. मूळ लेखिका मेरी ॲन शाफर गर्न्सीला गेल्या असताना धुक्यामुळे विमानतळावर अडकून पडल्या. तिथल्या दुकानातली युद्धकाळावरची पुस्तकं त्यांनी वाचली आणि विषय मनात घर करून राहिला. पुढे त्या आजारी पडल्यावर त्यांची भाची ॲनी बॅरोज हिने लेखन पूर्ण केलं.

वाचताना ही पत्रं हलकीफुलकी, गप्पिष्ट वाटतात. पण त्या बेटाचा युद्धकाळ माहीत असला की पत्रांचा हा घाट किती नेमका आहे ते कळतं. बेट जर्मनांच्या ताब्यात होतं ती पाच वर्षं इथल्या लोकांना पोटच्या मुलांनासुद्धा धड पत्र लिहिता आलं नव्हतं.

गर्न्सी, जर्सी, ऑल्डर्नी, सार्क ही चॅनल बेटं फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्याजवळ आहेत. ती ब्रिटनच्या राजसत्तेची, पण ब्रिटनचा भाग नव्हेत. त्यांचे कायदे वेगळे, सभागृहं वेगळी. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो हद्दपारीत असताना बराच काळ गर्न्सीत राहिला आणि ‘ले मिझेराब्ल’चं बरंचसं लेखन त्याने तिथेच केलं. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला तेव्हा ही बेटं लढवण्यात अर्थ नाही असं लंडनने ठरवलं आणि सैन्य काढून घेतलं. लोकांना हलवण्यासाठी मोजके दिवस मिळाले. गर्न्सीच्या सुमारे ४२,००० वस्तीपैकी १७,००० च्या आसपास लोक बोटींनी इंग्लंडला गेले. त्यांत सुमारे ५,००० शाळकरी मुलं होती, बहुतेक आईवडिलांशिवाय, शिक्षकांबरोबर निघालेली. पाठवायचं की नाही हे पालकांनी रातोरात ठरवायचं होतं. ऑल्डर्नी जवळजवळ पूर्ण रिकामं झालं. सार्कवर मात्र तिथल्या सत्ताधीश सिबिल हॅथवे यांनी लोकांना थांबायला सांगितलं आणि बहुतेक जण थांबले.

बेटांवर आता सैन्य नाही, हे जर्मनांना वेळेत कळवलंच गेलं नाही. २८ जूनच्या संध्याकाळी गर्न्सीच्या सेंट पीटर पोर्ट बंदराच्या धक्क्यावर टोमॅटोने भरलेल्या लॉऱ्यांची रांग लागली होती. टोमॅटो हे गर्न्सीचं मुख्य निर्यातीचं पीक आणि तो हंगाम ऐन भरातला. वरून पाहणाऱ्या जर्मन वैमानिकांना ती लष्करी वाहनं वाटली. बॉम्ब पडले, ३३ माणसं गेली. काही जण लॉऱ्यांखाली आसऱ्याला शिरले होते, ते तिथेच मेले. ‘आइल ऑफ सार्क’ ही टपाल-बोट त्या वेळी बंदरातच होती. ती त्या रात्री साउथॅम्प्टनला निघाली आणि इंग्लंडशी असलेलं टपाल तुटलं. ३० जूनला जर्मन गर्न्सीत उतरले, दुसऱ्या दिवशी जर्सीत.

पुढे इंग्लंडशी संपर्काची एकच वाट उरली, ती रेड क्रॉसची. छापील फॉर्म, त्यावर जास्तीत जास्त २५ शब्द, मजकूर फक्त घरगुती. तो फॉर्म जिनिव्हामार्गे, सेन्सॉरच्या हातांतून जायचा. उत्तर त्याच्याच मागच्या बाजूला, तेही २५ शब्दांत. एक फेरी पुरी व्हायला कित्येक महिने लागत. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्ट किंवा बरीमध्ये वाढणाऱ्या मुलाची उंची, दुधाचे दात, नवी शाळा, सगळं एवढ्यात बसवायचं. बाळाच्या जन्माची बातमी पोहोचेपर्यंत बाळ रांगायला लागलेलं असे. १९४४ च्या उन्हाळ्यात बेटांना वेढा पडला तेव्हा हीसुद्धा वाट जवळजवळ बंद झाली.

बेटाच्या आतलं टपाल चालू होतं आणि त्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. इंग्लंडची तिकिटं संपत आल्यावर १९४१ मध्ये गर्न्सी आणि जर्सीने आपापली तिकिटं छापली. जर्सीचं एक पेनीचं तिकीट मेजर रायबट यांनी रेखाटलं. त्याच्या चार कोपऱ्यांत भिंगाशिवाय दिसणार नाहीत असे चार ‘ए’ आहेत. ‘दुष्ट अडॉल्फा, नरकात जा’ अशा अर्थाच्या लॅटिन वाक्याची ती आद्याक्षरं. जर्मनांच्या परवानगीने छापलेलं हे तिकीट जर्मनांच्या डोळ्यांदेखत पाकिटांवर चिकटत राहिलं. त्याच टपालातून निनावी चुगल्यांची पत्रंही जात, अमक्याकडे रेडिओ आहे, तमक्याने डुक्कर लपवलंय अशी. टपाल खात्यातले काही कर्मचारी जर्मन कमांडच्या नावाची संशयास्पद पाकिटं मध्येच अडवून ठेवत आणि त्या घराला सावध करत.

कादंबरीतलं चोरून कापलेलं डुक्कर आणि संचारबंदी मोडल्यावर मारलेली थाप याच वातावरणातली आहे. गुराढोरांची मोजदाद होई, मासेमारीवर निर्बंध होते, घड्याळं जर्मन वेळेवर लावलेली. १९४२ मध्ये रेडिओ जप्त झाले. तरी लोकांनी क्रिस्टल सेट, म्हणजे विजेशिवाय चालणारे साधे रेडिओ, जोडून बीबीसी ऐकली. गर्न्सीत चार्ल्स मॅकन, फ्रँक फाला आणि त्यांचे साथीदार त्या बातम्या कागदावर उतरवून हातोहात पोहोचवत. १९४४ मध्ये ते पकडले गेले. मॅकन जर्मन तुरुंगात वारले. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या सुमारे २,००० जणांना सप्टेंबर १९४२ पासून जर्मनीतल्या छावण्यांत नेलं.

बेटांवर काँक्रीटची तटबंदी उभारायला ‘ऑर्गनायझेशन टोट’ या जर्मन बांधकाम संघटनेने हजारो वेठबिगार आणले : रशियन, युक्रेनियन, पोलिश, स्पॅनिश, फ्रेंच ज्यू. ओस पडलेल्या ऑल्डर्नीवर चार छावण्या होत्या, त्यांतली सिल्ट १९४३ पासून एसएस या नाझींच्या निमलष्करी दलाच्या ताब्यात. तिथे किती मेले याचा वाद अनेक दशकं चालला. २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने आकडा ६४१ ते १,०२७ च्या दरम्यान ठरवला. कादंबरीत एलिझाबेथ अशाच एका उपाशी मजुराला आसरा देते आणि त्यापायी राव्हेन्सब्रूकला, जर्मनीतल्या बायकांच्या छळछावणीत, पाठवली जाते. जर्सीच्या लुईझा गूल्ड यांच्या बाबतीत हे खरंच घडलं. त्यांचा मुलगा १९४१ मध्ये नौदलात मारला गेला होता. पळून आलेल्या एका तरुण रशियन कैद्याला त्यांनी घरात ठेवून घेतलं. कुणीतरी चुगली केली. फेब्रुवारी १९४५ मध्ये राव्हेन्सब्रूकमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

या काळाची काळी बाजूही वाचायला हवी, नाहीतर सगळा इतिहास धाडसी शेजाऱ्यांचाच वाटू लागतो. ज्यूंच्या नोंदणीचा जर्मन हुकूम ऑक्टोबर १९४० मध्ये बेटांच्या न्यायालयांनी अधिकृतपणे दाखल करून घेतला. गर्न्सीच्या न्यायालयातल्या सर अब्राहम लेने यांनी उघड नकार दिला, बाकीचे गप्प राहिले. ऑगस्टे श्पिट्झ, तेरेझ श्टायनर आणि मारियान ग्रुनफेल्ड या तिघी एप्रिल १९४२ मध्ये गर्न्सीतून फ्रान्सला पाठवल्या गेल्या. त्यांचा शेवट आउश्वित्झला झाला.

भुकेचा काळ शेवटचा. दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरल्या आणि बेटांना वळसा घालून पुढे गेल्या. फ्रान्समधून येणारी रसद थांबली. चहा म्हणून ब्रॅम्बलच्या झुडपाची सुकवलेली पानं, कॉफी म्हणून भाजलेली ओकची फळं किंवा पार्सनिप हे गाजरासारखं कंद, मिठासाठी समुद्राचं पाणी आटवायचं. साखर नाही, लोणी नाही, पीठ नाही, म्हणून कादंबरीच्या नावातला तो बटाट्याच्या सालींचा ‘पाय’ हा भाजलेला पदार्थ. वीज आणि गॅस गेले. २७ डिसेंबर १९४४ ला रेड क्रॉसची ‘व्हेगा’ बोट अन्नाची पार्सलं घेऊन गर्न्सीला लागली. जर्मन सैनिकही तोवर भुकेने खंगले होते, तरी ती पार्सलं बहुतांशी बेटवाल्यांनाच मिळाली.

९ मे १९४५ ला ‘बुलडॉग’ या ब्रिटिश युद्धनौकेवर शरणागतीच्या सह्या झाल्या. त्या उन्हाळ्यात मुलं परतू लागली. पाचव्या वर्षी गेलेलं मूल दहाव्या वर्षी घरी आलं, लँकेशायरच्या हेलात बोलत. काहींना धक्क्यावर उभे असलेले आईवडील ओळखता आले नाहीत. कादंबरीतला एली अशांपैकीच एक, आणि त्याचे आजोबा एबेन रॅम्झी लंडनच्या अनोळखी लेखिकेला पानंच्या पानं लिहितात.