कीबोर्ड शॉर्टकट (प्रतिमा-संपादन)

प्रतिमा-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मेनू न उघडता साधन निवडण्यासाठी किंवा आज्ञा देण्यासाठी दाबली जाणारी एक कळ किंवा कळांचा समूह. फोटोशॉप, गिंप, क्रिटा, ॲफिनिटी, ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी या सगळ्यांत ही सोय आहे. या नोंदीत मुख्यतः फोटोशॉपचा विचार केला आहे. त्याच्या कळा या क्षेत्रात प्रमाण मानल्या जातात. फोटोपीने त्या जवळपास जशाच्या तशा घेतल्या, तर क्रिटाने स्वतःच्या कळा ठेवूनही फोटोशॉपसारख्या कळांचा संच पर्याय म्हणून दिला.

मजकूर टंकताना दोन्ही हात कीबोर्डवर असतात. फोटोवर काम करताना मात्र उजवा हात माउसवर किंवा पेनवर अडकलेला असतो आणि डावा रिकामा राहतो. त्या रिकाम्या हाताला काम देणे हा इथल्या शॉर्टकटचा खरा हेतू आहे. जास्त वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच कळा कीबोर्डच्या डाव्या बाजूला आहेत, त्यात फोटोशॉपची स्वतःची करामत थोडीच. पूर्ववत, कट, कॉपी आणि पेस्टसाठी झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळा ॲपलच्या लिसा आणि मॅकिन्टॉश संगणकांवर रूढ झाल्या. कट-कॉपी-पेस्टची पद्धत त्याआधी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी घडवली होती. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी लिहिलेले फोटोशॉप ॲडोबीने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणले ते फक्त मॅकिन्टॉशसाठी, त्यामुळे या कळा त्याला आयत्याच मिळाल्या. विंडोजवर मॅकच्या कमांड कळेची जागा कंट्रोलने आणि ऑप्शनची जागा ऑल्टने घेतली.

साधनांसाठी एकेकच अक्षर आहे : ब्रशला बी, खोडरबराला ई, क्लोन स्टॅम्पला एस, हीलिंग ब्रशला जे, क्रॉपला सी, लॅसोला एल, पेनला पी, मजकुराला टी. एम मार्की निवडीकडे आहे, मूव्हला व्ही. एका अक्षराखाली अनेक साधने असतील तर शिफ्टसह तेच अक्षर दाबत गेले की ती एकामागून एक येतात.

यांपेक्षाही उपयोगी आहेत त्या धरून ठेवायच्या कळा. ब्रश चालू असताना स्पेसबार दाबून धरला की कर्सरचा हात होतो आणि प्रतिमा सरकवता येते; बोट उचलले की ब्रश परत. ऑल्ट धरला की ब्रशचा आयड्रॉपर होतो, चित्रातला रंग उचलला जातो आणि ऑल्ट सोडताच रंगकाम पुढे चालू. २००८ मध्ये आलेल्या सीएस-४ आवृत्तीपासून हीच सवलत अक्षरांच्या कळांनाही मिळाली : कळ नुसती दाबली तर साधन कायमचे बदलते, दाबून धरली तर तेवढ्यापुरते. या कळांचा गुण असा की आपण आत्ता कोणत्या साधनात आहोत हे डोक्यात ठेवावे लागत नाही, बोटालाच ते ठाऊक असते.

मास्क (प्रतिमेचा काही भाग न पुसता लपवणारे आवरण) रंगवताना शॉर्टकटची किंमत सर्वांत चांगली कळते. समजा, एका माणसाच्या मागची पार्श्वभूमी लपवायची आहे. डी दाबून रंग मूळ काळा-पांढरा करून घ्यायचा. काळ्याने लपवायचे, पांढऱ्याने परत आणायचे, आणि दोन्हींची अदलाबदल एक्सने. चौकटी कंसांच्या कळांनी ब्रश लहान-मोठा होतो, शिफ्टसह त्याच कळांनी त्याची कड मऊ किंवा कडक होते. ५ दाबले की अपारदर्शकता ५० टक्के, ० दाबले की १००. बॅकस्लॅश दाबला की मास्क प्रतिमेवर लाल थरासारखा दिसतो, सुटलेले ठिपके लगेच सापडतात. केसांच्या कडेवर काम करणारा माणूस एका मिनिटात या कळा कितीतरी वेळा दाबतो, आणि त्याचा कर्सर केसांवरून हलत नाही. हेच सगळे पॅनेलवर जाऊन करायचे म्हटले तर नजर दर वेळी पडद्याच्या कोपऱ्यात जाते आणि परतल्यावर आपण कोणत्या बटेपाशी होतो ते शोधावे लागते.

वेळ खरोखर वाचतो का, यावर वाद झाला आहे. कार्ड, मोरान आणि न्यूवेल या संशोधकांनी संगणकावरच्या कामाला लागणारा वेळ मोजण्यासाठी १९८० मध्ये मांडलेल्या प्रारूपात साधारण टंकन येणाऱ्याला एक कळ दाबायला सुमारे ०.२८ सेकंद, माउसने लक्ष्य गाठायला सरासरी १.१ सेकंद आणि हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४ सेकंद धरले आहेत. मेनूपर्यंत जाणे, आज्ञेवर उतरणे आणि प्रतिमेवर परतणे यांत तीन लक्ष्ये गाठावी लागतात. याउलट ॲपलच्या ब्रूस टोनयाझिनी यांनी १९८९ मध्ये ठासून सांगितले की घड्याळ लावले तर माउसच जिंकतो. कळ आठवण्यात सुमारे दोन सेकंद जातात आणि वापरणाऱ्याला ते जाणवतही नाहीत. क्वचित लागणाऱ्या आज्ञांबाबत त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. महिन्यातून एकदा लागणाऱ्या आज्ञेसाठी चार कळांचा समूह पाठ करणे हा हौसेचा भाग झाला. पण बी, एक्स आणि कंस आठवावे लागतच नाहीत. शिवाय दोन्ही बाजूंचा हिशेब सेकंदांचा आहे आणि प्रतिमा-संपादनात सेकंदांपेक्षा नजर चित्रावर टिकणे जास्त मोलाचे आहे.

बोटांची सवय किती खोल जाते हे ॲडोबीला ऑक्टोबर २०१८ मध्ये दिसले. तोवर फोटोशॉपमध्ये कंट्रोल-झेड फक्त शेवटची कृती पूर्ववत करी आणि पुन्हा दाबल्यास तीच परत आणी. आणखी मागे जायला कंट्रोल-ऑल्ट-झेड लागे. इतर बहुतेक सॉफ्टवेअर कंट्रोल-झेडने मागे मागे जात असताना ही विसंगतीच होती. सीसी २०१९ आवृत्तीने ती दूर केली. त्याच आवृत्तीत कंट्रोल-टी देऊन आकार बदलताना प्रमाण आपोआप राखले जाऊ लागले आणि आधी प्रमाण राखण्यासाठी धरल्या जाणाऱ्या शिफ्टचे काम उलटे झाले. आकृत्या आणि पाथ (पेनने आखलेल्या रेषा) मात्र तेव्हा जुन्याच पद्धतीने वागत राहिले. नवख्यांना हे सोपे गेले, जुन्यांचे फोटो ताणले गेले. पूर्ववत करण्याच्या जुन्या कळा परत आणण्याचा पर्याय शॉर्टकटच्या चौकटीत ठेवावा लागला तो त्यामुळेच.

मराठी मजकूर असलेल्या पत्रिका, बॅनर आणि जाहिराती करणाऱ्यांपुढे एक वेगळी अडचण असते. मजकुराचे साधन चालू असताना बी दाबले तर ब्रश येत नाही, अक्षर उमटते. आधी कंट्रोल-एंटरने मजकूर पक्का करावा लागतो. त्यात कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिला असेल तर बीच्या जागी ‘व’ आणि डाव्या चौकटी कंसाच्या जागी ‘ड’ असतो, आणि ब्रशचा आकार का बदलत नाही हे पटकन लक्षात येत नाही. विंडोजवर विंडोज-स्पेसने भाषा बदलून घेणे हा त्यावरचा साधा उपाय. मॅकवर कमांड-स्पेस स्पॉटलाइट या शोधसोयीकडे गेल्यामुळे फोटोशॉपमधल्या झूमच्या त्याच कळांशी अशीच टक्कर होते.

फोटो स्टुडिओत शॉर्टकटइतकेच काम ॲक्शन करतात. १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत आलेल्या या सोयीने कृतींची मालिका नोंदवून ती एखाद्या फंक्शन कळेला जोडता येते. ३५ × ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो कापणे, भोवती बारीक रेघ देणे आणि एका कागदावर आठ प्रती मांडणे हे एका कळेत होते. चेहरा चौकटीत नीट बसवणे मात्र हातानेच करावे लागते.

कळा बदलण्याची सोय २००३ च्या सीएस आवृत्तीपासून आहे. कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-के दाबले की तिची चौकट उघडते. तिचा एक उपयोग फारसा कोणी सांगत नाही. कंट्रोल-एल, कंट्रोल-एम आणि कंट्रोल-यू हे लेव्हल्स, कर्व्हज आणि ह्यू-सॅच्युरेशन या उजेड व रंग बदलणाऱ्या आज्ञांचे शॉर्टकट निवडलेल्या थराच्या (लेयरच्या) पिक्सेलवर थेट बदल करतात. नंतर कधीही बदलता येणाऱ्या ॲडजस्टमेंट लेयरला मात्र मुळात कळच दिलेली नाही. म्हणजे जलद वाट हीच वाईट सवयीची वाट आहे, आणि शिकवणी वर्गांत नेमकी तीच आधी पाठ करून घेतली जाते. लेयर मेनूतल्या कर्व्हज ॲडजस्टमेंटला कंट्रोल-एम देणे शक्य आहे. कळ आधीच दुसरीकडे वापरात असल्याचा इशारा येतो; तो स्वीकारला की जुन्या आज्ञेची कळ काढून घेतली जाते, आज्ञा मेनूत राहतेच.