ठिबक सिंचनाचा स्वीकार, महाराष्ट्रातील

पिकाच्या मुळाशी नळ्या आणि तोट्यांवाटे थेंबाथेंबाने पाणी देणारी ठिबक पद्धत शेतकरी कोणत्या परिस्थितीत अवलंबतो, कोणत्या परिस्थितीत टिकवतो आणि कधी सोडून देतो, हा महाराष्ट्राच्या शेतीतील महत्त्वाचा अभ्यासविषय आहे. आधुनिक ठिबक संचाचे औद्योगिक उत्पादन इस्राएलमधील हात्झेरिम या किबुत्झवर (सामूहिक शेतीच्या वसाहतीत) अभियंता सिम्हा ब्लास यांच्या रचनेच्या आधारे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने सुरू केले. महाराष्ट्रात राज्य शासनाने १९८६-८७ पासून संचासाठी अनुदान दिले, त्याच सुमारास जळगाव येथे भवरलाल जैन यांच्या उद्योगाने या क्षेत्रात पाऊल टाकले, आणि खानदेशातील केळी, नाशिक-सांगलीकडील द्राक्षे व सोलापूरकडील डाळिंब या पिकांत ही पद्धत रुजली.

स्वीकाराची चर्चा बहुधा संचाच्या किमतीपासून सुरू होते. परंतु पाणी कोठून येते आणि त्यावर ताबा कोणाचा, हा प्रश्न किमतीइतकाच, किंबहुना अधिक निर्णायक आहे. विहीर बागाईतदाराला उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला की पाटाने एक एकर भिजवणेही जड जाते. तेच पाणी ठिबकने दिले तर अधिक क्षेत्र जगते, आणि वाचलेल्या प्रत्येक तासाचा लाभ थेट त्याच्याच पदरात पडतो. कालव्याखालील शेतकऱ्याचे गणित वेगळे असते. त्याला पाणी आवर्तनाने, काही आठवड्यांच्या अंतराने मिळते, तर ठिबकला रोज किंवा दिवसाआड थोडे पाणी लागते. म्हणून त्याला आधी शेततळे किंवा विहीर आणि त्यावर पंप असा जादा खर्च करावा लागतो. शिवाय पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र पाहून आकारली जात असल्यास पाणी वाचवून त्याची पट्टी कमी होत नाही. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाविषयीच्या २००५ च्या राज्य कायद्याने पाणीवापर संस्थांना, म्हणजे लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या संघटनांना, पाणी मोजून देण्याची तरतूद केली. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर अशा संस्थांनी वितरण हाती घेतल्यानंतर लाभक्षेत्रात द्राक्षबागा आणि ठिबक वाढले, ते या दृष्टीने लक्षणीय आहे.

पिकाची मांडणी हा दुसरा मोठा घटक होय. फळबागेत झाडांच्या ओळी दूर असल्याने एकरी नळ्या कमी लागतात. ज्वारी-गव्हासारख्या दाट पिकांत तो खर्च परवडत नाही. उसात ठिबक करायचे तर पारंपरिक तीन फुटी सरी सोडून चार-पाच फुटी पट्टा किंवा जोडओळ धरावी लागते, म्हणजे लागणीपासून बांधणीपर्यंतची सारी मशागत बदलावी लागते. मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये उसासाठी ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. त्याची अंमलबजावणी कठीण का, याचे उत्तर बऱ्याच अंशी या बदलातच आहे.

वीज आणि मजुरी यांचा प्रभाव शेतकऱ्यांच्या बोलण्यात वारंवार येतो, अहवालांत मात्र त्याला कमी जागा मिळते. कृषिपंपांना अनेक ठिकाणी पाळीपाळीने रात्रीची वीज मिळते. पाटपाण्यात तेव्हा कोणाला तरी हातात बॅटरी घेऊन चिखलात दारे धरायला जावे लागते, आणि साप-बिबट्याचे भय असते. ठिबकमध्ये झडप फिरवून पंप सुरू करता येतो, त्यामुळे हा त्रास बराच टळतो. तणही फक्त ओल असलेल्या पट्ट्यात उगवते आणि विद्राव्य खते व्हेंचुरीतून (नळीतील प्रवाहाच्या जोरावर खत ओढून घेणाऱ्या उपकरणातून) पाण्याबरोबर देता येतात. दुसरीकडे अश्वशक्तीनुसार ठोक आकारणी असली की कमी तास पंप चालवून बिल घटत नाही, म्हणून वीजबचतीचा फायदा शेतकऱ्याला जाणवत नाही.

अनुदानाने मागणी वाढवली हे निर्विवाद आहे. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत (२०२१-२२ पर्यंत प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेचा भाग) अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्याच्या पूरक अनुदानाने ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. मात्र ही टक्केवारी मंजूर मापदंडावर, म्हणजे शासनाने ठरवलेल्या खर्चावर असते, आणि संच आधी स्वतःच्या पैशाने बसवून रक्कम नंतर खात्यात येत असल्याने हाती भांडवल किंवा उधारी देणारा विक्रेता नसलेला शेतकरी मागे राहतो. सातबाऱ्यावर नाव नसलेला वाटेकरी, सामाईक खात्यातील भाऊ आणि प्रत्यक्ष शेती कसणाऱ्या पण मालकी नसलेल्या स्त्रिया यांना तर अर्जच करणे अवघड जाते. ही उणीव गंभीर आहे.

माहितीच्या प्रसाराबाबत समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी नव्या पद्धतीचा तुलनात्मक लाभ, चालू पद्धतीशी सुसंगती, समजण्यातील सुलभता, थोडक्यात करून पाहण्याची सोय आणि परिणामांची दृश्यता हे पाच गुण सांगितले. ठिबकच्या बाबतीत दृश्यता सर्वांत प्रभावी ठरते: शेजारच्या बांधावरील केळीचा घड कृषी सहायकाच्या व्याख्यानापेक्षा अधिक पटतो.

संच बसवणे आणि तो वापरात ठेवणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. क्षारयुक्त पाण्यात तोट्या बुजतात, त्यासाठी आम्लप्रक्रिया, तर शेवाळासाठी क्लोरीनप्रक्रिया लागते. वाळूचा फिल्टर उलट प्रवाहाने धुवावा लागतो आणि नळ्यांची टोके उघडून गाळ सोडावा लागतो. उंदीर आणि खारी नळ्या कुरतडतात, ऊसतोडणीनंतर पाचट पेटवले तर नळ्या वितळतात. दुरुस्तीचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळत नसतील, तर दोन हंगामांत नळ्या गुंडाळून बांधावर पडतात आणि शेतकरी पुन्हा पाटाकडे वळतो. विक्रीनंतरची सेवा म्हणूनच अनुदानाइतकी महत्त्वाची आहे.

स्वीकार वाढला म्हणजे भूजल वाचले, असे मात्र नाही. वाचलेल्या पाण्यावर बहुतेक शेतकरी नवे क्षेत्र भिजवतात किंवा अधिक पाण्याचे पीक घेतात. हा निर्णय त्यांच्या दृष्टीने रास्त असला, तरी गावाच्या एकूण उपशात घट होईलच असे नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने म्हणून शेतीसाठी बोअरवेल आणि ऊस-केळीसारख्या पिकांवर बंधन घातले, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची पद्धत घालून दिली.