हेडकाउंट (औद्योगिक सुरक्षा)

कारखान्यात आग, स्फोट किंवा गॅस गळती झाली की आत नेमकी कोणकोण माणसं होती आणि त्यातली किती सुखरूप बाहेर आली याचा ताळा लावायची पद्धत म्हणजे हेडकाउंट. सायरन वाजला की सगळ्यांनी असेंब्ली पॉइंटवर जमायचं, तिथे डिपार्टमेंटवार नावं पुकारतात आणि तो आकडा गेटवरच्या आकड्याशी जुळवतात, जो सापडत नाही तो आत अडकलाय असं धरून रेस्क्यूवाले श्वसनयंत्र लावून आत शिरतात. म्हणजे कोणी न सांगता मागच्या गेटने घरी गेला असेल तर त्याला शोधायला दुसऱ्याचा जीव धोक्यात जातो.

खरी गोची गेटवरच्या आकड्यातच असते. कामगारांचं रजिस्टर कायद्याने ठेवावंच लागतं (2025 पर्यंत हे फॅक्टरी अ‍ॅक्ट 1948 च्या कलम 62 मध्ये होतं), पण व्यवहारात मस्टर बघितलं जातं ते हजेरी आणि ओव्हरटाइमसाठी, कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या मस्टरवर, टँकरचा ड्रायव्हर-क्लीनर सिक्युरिटीच्या वहीत, व्हिजिटर आणखी तिसऱ्या वहीत, आणि कँटीनच्या पोऱ्याचं नाव कुठेच नाही असंही होतं. शिफ्ट बदलताना तर दोन्ही शिफ्टची माणसं एकदम आत असतात.

पंचिंग मशीन आली तरी ती कोण गेटच्या आत आलं एवढंच सांगते, कुठल्या बिल्डिंगमध्ये आहे ते नाही. एकाच्या कार्डावर दोघं घुसणं तर रोजचंच. शिवाय सर्व्हर अ‍ॅडमिन बिल्डिंगमध्ये आणि लाइट गेलेली, मग लिस्ट काढणार कुठून? म्हणून प्लांटच्या दाराशी लटकवलेला साधा टोकन बोर्ड अजूनही कामाचा वाटतो, आत जाताना टोकन लावायचं, निघताना काढायचं. स्फोटकांच्या कारखान्यात याच्याही पुढे जाऊन प्रत्येक बिल्डिंगची मॅन लिमिट ठरलेली असते, त्याच्यावर एक माणूस आत नको.

समुद्रातल्या तेल-गॅसच्या प्लॅटफॉर्मवर हा हिशोब सगळ्यात कडक, कारण तिथे चालत बाहेर जाता येत नाही. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मवर 6 जुलै 1988 च्या रात्री स्फोट होऊन आग लागली तेव्हा 226 जण होते, त्यातले 165 दगावले, वर रेस्क्यू बोटीवरचे 2. बरेच जण ठरल्याप्रमाणे राहायच्या क्वार्टर्समध्ये जमून हेलिकॉप्टरची वाट बघत राहिले आणि धुराने तिथेच गेले, म्हणजे जमायची जागाच चुकीची ठरली तर मोजणीला अर्थ नाही. आपल्याकडे 27 जुलै 2005 ला मुंबईजवळच्या समुद्रातला बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म जळाला तेव्हा 22 जण दगावले.

केमिकल प्लांटमध्ये त्यामुळेच निदान दोन असेंब्ली पॉइंट ठेवतात, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) बघून वारा जिकडून येतोय त्या बाजूचा धरायचा. पण माणसं दोन्हीकडे विभागली तर वॉकीटॉकीवर बेरीज करत बसावं लागतं. घातक रसायनांच्या 1989 च्या नियमांनुसार दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल घ्यायची असते, ती बहुतेकदा आधी सांगून जनरल शिफ्टलाच होते, रात्रपाळीला क्वचितच.