इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप : शिकवण्याचे बंधन कोणावर?

शालेय शिक्षणाच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकण्याच्या ज्या संधी मिळतात, त्यांत इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप या दोन शब्दांची गल्लत सर्रास होते. दोन्हींत विद्यार्थी अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करतो आणि दोन्हींच्या शेवटी त्याच्या हाती एक प्रमाणपत्र पडते. त्या दोन कागदांची किंमत मात्र सारखी नसते.

इंटर्नशिप म्हणजे एखाद्या क्षेत्राची ओळख करून घेणे. तिचा काळ काही आठवड्यांचा, फार तर काही महिन्यांचा असतो आणि ती बहुधा सुट्टीत किंवा शाळेचे तास सांभाळून केली जाते. विद्यार्थी लहानसहान कामे करतो, कामाची रीत पाहतो आणि हे क्षेत्र आपल्याला मानवेल की नाही याचा अंदाज घेतो; उत्तर ‘नाही’ असे आले, तरी ती वाया गेली असे म्हणता येत नाही. (एक-दोन दिवस कोणाच्या तरी सोबत राहून नुसते पाहणे म्हणजे जॉब शॅडोइंग, त्यालाही इंटर्नशिप म्हणण्याची हौस अनेक संस्थांना असते.) शेवटी मिळणारे प्रमाणपत्र विद्यार्थी तेथे होता एवढेच सांगते, त्याला काय येते हे क्वचितच सांगते.

अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, हा मुळात करार आहे. जर्मनीत 1969 च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार आणि आस्थापना यांच्यात प्रशिक्षणाचा करार होतो. बहुतेक व्यवसायांचे प्रशिक्षण दोन ते साडेतीन वर्षे चालते, त्या काळात उमेदवार आठवड्यातले एक-दोन दिवस किंवा सलग काही आठवडे व्यवसाय शाळेत जातो, आणि त्याची अंतिम परीक्षा आस्थापना नव्हे, तर उद्योग किंवा कारागिरांच्या मंडळासारखी अधिकृत संस्था घेते. अमेरिकेत 1937 च्या राष्ट्रीय कायद्याखाली नोंदणी झालेल्या कार्यक्रमांत वयाच्या सोळाव्या वर्षापासून प्रवेश मिळू शकतो. तेथे कालावधीवर आधारित कार्यक्रमात किमान 2,000 तासांचे प्रत्यक्ष काम आवश्यक असते आणि त्याला जोडून वर्षाला 144 तासांच्या वर्गशिक्षणाची शिफारस केलेली आहे.

माझ्या मते खरा फरक कालावधीत नसून शिकवण्याच्या बंधनात आहे. इंटर्नशिपमध्ये शिकवले जाणे पुष्कळदा वरिष्ठांच्या मर्जीवर आणि त्यांच्या सवडीवर अवलंबून राहते. अप्रेंटिसशिपमध्ये ठरलेली कौशल्ये शिकवणे हे मालकाचे कर्तव्यच असते. मोबदल्याचेही तसेच आहे. शिकाऊ उमेदवाराला कौशल्यानुसार वाढत जाणारे वेतन मिळते, तर इंटर्नशिप बिनपगारी असू शकते. अर्थात अमेरिकेत नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांबाबत, त्या कामाचा मुख्य लाभ विद्यार्थ्याला होतो की संस्थेला, हे तपासूनच तिला तशी मुभा मिळते.

मध्येच सोडून जाण्याचा प्रश्न येतो तेव्हा हा फरक अधिक स्पष्ट होतो. इंटर्नशिप सोडणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही आणि संस्थेलाही त्याला थांबवून ठेवण्याची गरज वाटत नाही. जर्मनीत मात्र एक ते चार महिन्यांचा परिविक्षा काळ संपला की गंभीर कारणाशिवाय आस्थापना उमेदवाराला काढू शकत नाही. उमेदवाराला तो व्यवसायच सोडायचा असेल, तर चार आठवड्यांची सूचना देऊन तो करारातून मोकळा होऊ शकतो.