शिवजन्मतिथीच्या वादामागे काय होते?

शिवजयंती 19 फेब्रुवारीला असते, हे आज शाळकरी पोरालाही पाठ असते. सरकारने मात्र ही तारीख स्वीकारली ती 2001 मध्ये. त्याआधी शंभर वर्षे वाद चालला होता.

जुनी समजूत शके 1549च्या वैशाखाची, म्हणजे इ.स. 1627 ची. तिला आधार बखरींचा. त्यांतल्या बहुतेक फार उशिरा लिहिलेल्या आणि तिथीवर त्यांचे आपसांतही पटत नाही. कुणी शुद्ध द्वितीया सांगते, कुणी पंचमी. काळाने सर्वांत जवळचा बखरकार कृष्णाजी अनंत सभासद जन्मतिथी देतच नाही.

1910 मध्ये वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. हाती आलेला कागद सभेत वाचायचा, त्यावर इतरांच्या शंका घ्यायच्या आणि मग तो छापायचा, अशी रीत तिथे रुळली. राजवाडे स्वतः कमालीचे एकांडे, हे इथे सांगायलाच हवे. शिवाय सुरुवातीची मंडळी बरीचशी एकाच शहरातली, एकाच वळणाची. सगळ्यांचा पूर्वग्रह सारखाच असेल, तर तो सभेत कोण पकडणार?

1916 मध्ये टिळकांनी भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्यातली शकावली, म्हणजे सालवार घटनांची यादी, मंडळापुढे आणली. तिच्यात नोंद होती शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. टिळकांचे वजन मोठे असले, तरी एका कागदावर वाद मिटणे शक्य नव्हते. पुढे तंजावरहून स. म. दिवेकरांना परमानंद कवीचे ‘शिवभारत’ हे शिवचरित्रपर संस्कृत काव्य मिळाले, जोधपूरकडे महाराजांची जन्मकुंडली सापडली. एकमेकांशी संबंध नसलेल्या या साधनांत तिथी एकच निघाली. गणिताने वारही जुळला.

1966 मध्ये सरकारने समिती नेमली. तीत दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे, ब. मो. पुरंदरे, कोल्हापूरचे आप्पासाहेब पवार असे वेगवेगळ्या वळणाचे अभ्यासक होते. बहुतेकांचा कौल शके 1551च्या, म्हणजे 1630च्या बाजूने पडला, न. र. फाटक मात्र 1627 वर ठाम राहिले. एकमताचा देखावा झाला नाही, हे मला त्या समितीचे मोठे काम वाटते.

तिथीचा आग्रह धरणारे आजही वेगळी जयंती करतात. त्यांचे भांडण 1630 या वर्षाशी नाही, इंग्रजी तारखेशी आहे. 19 फेब्रुवारी ही ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय कालगणनेतली तारीख आहे. आजच्या ग्रेगरियन हिशेबाने तो दिवस 1 मार्चला येतो.