नागरी निर्देशक

शहर आरोग्यदायी, राहण्याजोगे आणि पर्यावरणाला झेपणारे आहे का, हे तपासून पुढचे नियोजन करण्यासाठी वापरली जाणारी मापे. हवेतील सूक्ष्म धूलिकण, पायी गाठता येणारी दुकाने, झाडांची सावली, उत्पन्नातून घरभाड्यापोटी जाणारा वाटा असे वरवर असंबद्ध विषय त्यांत एकत्र येतात. शहराची तब्येत दवाखान्यांइतकीच रस्त्यांच्या आखणीवर ठरते, ही त्यामागची धारणा.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ च्या सुमारास युरोपात आरोग्यदायी शहरांची चळवळ सुरू केली. तिच्यासाठी आधी ५३ निर्देशक ठरले. सगळ्यांची माहिती जमवणे जमेना, तेव्हा ते ३२ वर आले. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातील नागरिकांच्या एका गटाने १९९३ मध्ये स्वतःची यादी केली. तीत समुद्रातून अंडी घालायला ओढ्यांत परतणाऱ्या सामन माशांची मोजदाद होती. मासा परतला, म्हणजे पाणी, काठची झाडी आणि वरच्या अंगाची बांधकामे यांची एकदम परीक्षा झाली. असा बोलका निर्देशक क्वचितच सापडतो.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी (२०१५) अकरावे शहरांविषयी आहे. बसथांबा ५०० मीटरांत, रेल्वेस्थानक एक किलोमीटरमध्ये आणि मोकळी सार्वजनिक जागा ४०० मीटरांत असावी, अशी मापे त्यासाठी वापरतात. खरी मेख मोजणीत आहे. नकाशावर बागेभोवती वर्तुळ काढले की आतली सगळी घरे ‘सोय असलेली’ ठरतात. प्रत्यक्षात मधे रूळ असतात, बागेला भिंत असते आणि फाटक नेमके पलीकडच्या बाजूला. खिडकीतून दिसणारे झाड गाठायला पाऊण किलोमीटरचा वळसा पडतो. त्यामुळे हवाई अंतर न धरता रस्त्याने, फाटकापर्यंतचे अंतर मोजणे योग्य. शहराची सरासरीही अशीच फसवी. वस्तीनिहाय आकडे मांडले की तिच्याआड लपलेली विषमता उघडी पडते.

परिस्थितीबरोबर धोरणेही तपासली जातात. १९ देशांतील २५ शहरांच्या २०२२ मधील तुलनेत असे दिसले, की आरोग्य आणि शाश्वतता हे शब्द आराखड्यांत असले, तरी मोजता येईल असे लक्ष्य अनेकदा नव्हते. त्याच अभ्यासमालेत पायी चालण्यास पोषक लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला सुमारे ५,७०० आढळली. मात्र ही खालची मर्यादा झाली. घनता फारच वाढली तर चालण्याचे प्रमाण उलट घटू शकते. म्हणून अशा निर्देशकाला वरची मर्यादाही लागते.